तुम्हाला ‘सॉरी’ म्हणायचं आहे का?

ठाण्यात एसटीची तीन ठिकाणं आहेत. एक स्टेशनला लागून, दुसरं वंदनाचं आणि तिसरं आमच्या खोपटचं. बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो रिक्षावाल्याला नुसतं ‘स्टँड’ म्हणतो, रिक्षावाला त्याला स्वतःच्या सोयीच्या स्टँडवर उतरवतो आणि मग तो दोन पिशव्या, एक पोरगं आणि एक रुसलेली बायको घेऊन चौकशीच्या खिडकीशी येतो. आतले साहेब मान वर करत नाहीत. गावाचं नाव निम्मं उच्चारलं जातं तोवर उत्तर येतं, “इथं नाही. वंदनाला जा.”

सकाळच्या फेरफटक्यात चहासाठी मी तिथं थांबतो, त्यामुळे हे संवाद बरेच ऐकलेत. आधी मला तो माणूस खडूस वाटायचा. मग लक्षात आलं की एवढं शहाणपणाचं उत्तर दिवसभरात मला दुसरं कुणीच देत नाही. गाडी कितीची, फलाट कुठला, रिझर्व्हेशन आहे का, हे सगळं नंतर. आधी स्टँड कुठलं ते ठरवायचं. चुकीच्या स्टँडवर बरोबर फलाट शोधून काय उपयोग? आणि ‘नाही’ म्हणताना त्याला जराही संकोच वाटत नाही.

हे सगळं मला गेल्या दिवाळीत शेवेच्या चकतीनं शिकवलं.

आमच्या घरी सासूबाईंचा पितळी सोऱ्या आहे. हिच्याबरोबर तो या घरात आला आणि हिच्याइतकाच ठणठणीत आहे. त्याच्या सहा चकत्या. एक चकलीची, एक चिरोट्यासारखं काहीतरी करायची जी कुणी कधी वापरली नाही, बारीक शेवेची, पापडीची, मधल्या शेवेची आणि जाड शेवेची. वसुबारसेच्या आदल्या दिवशी डबा उघडला तर चकत्या पाच. जाड शेवेची गायब. आणि आमच्याकडे शेव म्हणजे जाडच. बारीक शेव ही आमच्या घरात फक्त भेळेला, म्हणजे खालच्या दर्जाच्या कामाला.

हिनं तीन वेळा ड्रॉवर उपसला. शेवटी म्हणाली, “अहो, तुम्ही त्या मोबाइलवर एवढं काय काय शोधत असता, एक चकती शोधून द्या.”

घरातली तांत्रिक खाती माझ्याकडे आहेत. गीझरचं बटण, टीव्हीचा रिमोट, नळाचे वॉशर. जूनमध्ये गॅलरीतलं पाणी तुंबायला लागलं होतं तेव्हा प्लंबर चार दिवस आला नाही, मी पाच मिनिटांत बंदोबस्त केला. या कामाची घरात कुणी नोंद घेतली नाही, हे जाता जाता सांगतो. तर मी चष्मा लावला आणि खरेदीच्या एका ॲपमध्ये रोमन लिपीत ‘शेव’ असं लिहिलं.

दाढीचं सामान आलं. पानंच्या पानं. फेसाचे डबे, पाच पात्यांची रेझरं, मिशा कोरायची यंत्रं, दाढी झाल्यावर लावायची अत्तरं. मी ‘शेव चकती’ असं लिहिलं, तर रेझरवर बसवायची गोल डोकी आली. डोकी गोल होती आणि त्यांना भोकं होती, हे कबूल केलं पाहिजे. लांबून पाहिलं तर जाड शेवेच्या चकतीसारखीच दिसत होती.

“मराठीत लिहा की,” ही म्हणाली. मराठीत ‘चकती’ लिहिलं. ॲपनं त्याचं मनातल्या मनात भाषांतर केलं असावं, कारण सायकलच्या डिस्कब्रेकच्या चकत्या आल्या. किंमत हजारात. मग मी मूळ पुरुषालाच हात घालायचं ठरवलं आणि रोमनमध्ये ‘सोऱ्या’ लिहिला. यंत्र क्षणभर थबकलं आणि अदबीनं विचारतं झालं, तुम्हाला ‘सॉरी’ म्हणायचं आहे का?

माझं उत्तर येण्याआधीच त्यानं माल मांडला. ‘सॉरी’ लिहिलेली लाल बदामाची कार्डं, ‘सॉरी’ची उशी, पोटावर ‘सॉरी’ शिवलेलं एक अस्वल, चॉकलेटांचा ‘सॉरी’ डबा.

ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, “यंत्राला पण कळतं बघा.”

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून भाचा फराळाच्या मिषानं आला. तो संगणकातला. नेमकं काय करतो ते त्यानं चार वेळा सांगितलंय आणि मी चारही वेळा मान डोलावली आहे. मी त्याच्यापुढं फोन टाकला. तो हसला नाही, हे मला आवडलं. डॉक्टर एक्स-रे बघतो तसा त्यानं पडदा बघितला आणि म्हणाला, “मामा, कॅटलॉग चुकीचा निवडला गेलाय.”

“मी कुठं निवडला?”

“तुम्ही नाही. त्यानं.”

त्यानं सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. आपल्याला वाटतं, मोबाइलमध्ये एक अवाढव्य दुकान आहे. दुकान एक नसतंच. याद्या असतात, हजारो. स्वयंपाकघराची यादी, दाढीची यादी, सायकलची यादी, या व्यापाऱ्याची, त्या व्यापाऱ्याची. आपण शब्द टाकला की तो सगळ्या याद्यांना विचारत बसणं परवडत नाही, रात्र होईल. म्हणून आधी ठरवायचं, की या शब्दाचं उत्तर कुठल्या दोन-चार याद्यांत असण्याचा संभव आहे. तेवढ्याच उघडायच्या, बाकीच्यांना झोपू द्यायचं. आणि हे ठरवायला कुणी शहाणा माणूस बसलेला नसतो. याआधी हाच शब्द टाकणाऱ्या लोकांनी पुढं कशावर बोट ठेवलं, ते मोजतात.

“म्हणजे बहुमत?”

“बहुमतच.”

मग माझा निभाव कसा लागणार? या देशातले पुरुष दाढी रोज करतात. रोमन लिपीत ‘शेव’ लिहिणाऱ्या लाखभर माणसांतली बहुतेक साबण शोधणारी. वर्षातून एकदा, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, खोपटमधल्या एका सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरून बेसनाच्या शेवेसाठी उठलेला हा एकच हात. अनामत जप्त होणार नाही तर काय?

‘सॉरी’चं गौडबंगाल वेगळं निघालं. लेव्हेन्श्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञानं १९६५ साली दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत काढली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. रोमन ‘सोऱ्या’तलं शेवटचं अक्षर काढलं आणि मधे एक ‘आर’ घातला की ‘सॉरी’. अंतर फक्त दोन. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. सोऱ्या आणि सॉरी यांच्यातलं अंतर एवढं कमी आहे हे कळायला एक रशियन लागला.

भाचा रंगात आला होता. १९७२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला कॅरन स्पार्क जोन्स नावाच्या बाईंनी एक निबंध लिहिला म्हणे. त्यातलं तत्त्व असं, की प्रश्नातला जो शब्द सगळीकडे सापडतो त्याला किंमत कमी आणि जो क्वचित सापडतो त्याला जास्त. आजही जगातली शोधयंत्रं या ना त्या रूपात हेच तत्त्व वापरतात. मला हे ताबडतोब पटलं. ‘स्टील’, ‘किचन’, ‘बेस्ट’ हे शब्द दर वस्तूच्या नावात. ‘सोऱ्या’ म्हटलं की संशयाला जागाच नाही. पण यंत्राची गंमत अशी, की शब्द दुर्मीळ असला तर वजनदार आणि फारच दुर्मीळ असला तर शुद्धलेखनाची चूक. मराठी शब्द बहुधा दुसऱ्या रांगेत उभे असतात.

त्या १९७२ सालात आपल्याकडे दुष्काळ होता. माणसं शेव शोधत नव्हती, धान्य शोधत होती, आणि रेशनवर मिळायची ती लाल मिलो. पण त्याच वर्षी १५ ऑगस्टला या देशात पिनकोड सुरू झाला आणि तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, पोस्टखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत अख्खा देश बसवायला वृत्तात लिहायची सवयच लागते. पहिल्या आकड्यात देशाचा भाग, मग पुढं पुढं जात शेवटच्या तीन आकड्यांत नेमकं पोस्ट. आधी स्टँड, मग फलाट. चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांना वेलणकर आवडले असते.

“आता तर सरकारी पुढाकारानं मोठं जाळं उभं राहिलंय,” भाचा म्हणाला. ओएनडीसी. २०२१च्या ३१ डिसेंबरला त्याची कंपनी म्हणून नोंद झाली आणि पुढच्या वर्षी काही शहरांत ते चालू झालं. त्यात गिऱ्हाइकाचं ॲप वेगळं आणि विक्रेत्यांची ॲपं वेगळी. आपण एकदा विचारायचं. आपला प्रश्न मधल्या एका दारवानाकडे जातो. तो त्याच्या वहीत बघतो, की या प्रकारचा माल या शहरात कोण कोण विकतं, आणि तेवढ्यांच्याच दारावर थाप मारतो. मग ज्याचा त्याचा कॅटलॉग त्याच्या त्याच्या सवडीनं परत येतो.

मी म्हटलं, “यात नवीन काय? जांभळी नाक्याला हेच चालतं.”

खरंच चालतं. बाजारपेठेत दुकानदाराला एखादी वस्तू विचारावी आणि ती त्याच्याकडे नसावी. तो ‘नाही’ म्हणत नाही. “बसा, गोडाउनमधून मागवतो,” म्हणतो आणि पोऱ्याला डोळ्यानं खुणावतो. पोऱ्या मागच्या दारानं निघतो. गोडाउन म्हणजे चौथं दुकान. पोऱ्या भलत्या दुकानात कधी जात नाही, कापडवाल्याकडे कढई विचारत नाही. पाच मिनिटांत वस्तू हजर, वर पोऱ्याच्या चालण्याचे दहा रुपये. या जाळ्याला कुणी नाव दिलं नाही एवढंच.

“शहर कसं ओळखतात?” मी विचारलं.

“सुरुवातीला एसटीडी कोडवरून ठरवलं. मुंबई ०२२.”

“आणि ठाणं?”

भाचा जरा घुटमळला. ठाण्याचा फोनही ०२२च. “तसे तुम्ही मुंबईतच मोडता, मामा. आमचा डोंबिवलीचा ०२५१ स्वतंत्र आहे.”

हे वाक्य डोंबिवलीकराच्या तोंडून ऐकायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे झब्बे घालून उभं राहणाऱ्या लोकांना आता कोडचाही अभिमान! मी त्याच्या ताटलीतली चकली उचलली.

मग त्यानं माझ्या फोनवर काहीबाही टिचक्या मारून सोऱ्या शोधून काढला. एका व्यापाऱ्याच्या यादीत तो होता, पण स्वतःच्या नावानं नव्हता. त्याचं नाव होतं ‘स्टेनलेस स्टील किचन प्रेस मुरुक्कू मेकर सेव मशीन गाठिया संचा इडिअप्पम नूडल कुकी प्रेस विथ १५ जाळी हेवी क्वालिटी गिफ्ट फॉर मदर’. लग्नपत्रिकेत आप्तांची नावं घालतात तसं त्या बिचाऱ्यानं भारतातल्या सगळ्या भाषांना निमंत्रण दिलं होतं. मराठीला तेवढी पत्रिका गेली नव्हती. पूर्वी दिवाळी अंकांच्या मागच्या पानांवर जाहिराती यायच्या, ‘सचित्र सूचिपत्र मोफत मागवा’. सूचिपत्र यायचं, त्यात ज्या वस्तूचं जे नाव ते नाव असायचं. अमेरिकेत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनं १८७२ साली पोस्टानं माल विकायची आपली पहिली यादी काढली ती एका कागदावर मावली. एका कागदात शोधायला यंत्र लागत नाही, चष्मा पुरतो. आता एका वस्तूच्या नावालाच एक कागद लागतो. व्यापाऱ्याचाही दोष नाही म्हणा. आपली यादी उघडली जावी म्हणून त्यानं प्रत्येक दारावर आपलं नाव लिहून ठेवलंय. सगळ्यांनीच प्रत्येक दारावर नावं लिहिली की दारवानानं काय करायचं?

“घेऊ का?” भाच्यानं विचारलं.

“सोऱ्या आहे आमच्याकडे,” ही आतून म्हणाली. “चकती हवीय.”

सुटी चकती कुठल्याच यादीत नव्हती. पण ‘नाही’ म्हणणं यंत्राला ठाऊक नाही. त्यानं सिंकची जाळी दाखवली, चहाचं गाळणं दाखवलं आणि शेवटी, पुन्हा एकदा, ते अस्वल. दोन दिवस ते अस्वल माझ्या मागं लागलं होतं. बातम्या वाचायला गेलो की कोपऱ्यात अस्वल, हवामान बघायला गेलो की अस्वल. शेजारच्या काकांना सोसायटीची नोटीस दाखवायला फोन दिला तर त्यांनी तो परत देताना माझ्या पाठीवर हात ठेवला. “होतं असं,” म्हणाले. “सांभाळून घ्या.”

धनत्रयोदशीला आम्ही दोघं जांभळी नाक्याला गेलो. गर्दी अशी, की पुढच्या माणसाच्या पिशवीतल्या झेंडूचा वास आपल्या पिशवीला लागावा. भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे, गल्ल्यावर बसलेले. ही आत डबे बघायला गेली आणि मी त्यांना म्हटलं, “सोऱ्याची जाड शेवेची चकती हवी.”

“सोऱ्या आणलात?”

“नाही.”

“मग माप कसं कळणार? मापाशिवाय चकती म्हणजे पत्रिकेशिवाय स्थळ.” त्यांनी पितळी की ॲल्युमिनियम, फिरकीचा की दाबायचा, कितीक वर्षांचा, असं तीन-चार प्रश्नांत आमच्या सोऱ्याची वंशावळ काढली. माझं वर्णन ऐकून बोटांनी हवेत एक वर्तुळ केलं आणि ते इतकं बरोबर होतं की मी दचकलो.

“मिळणार नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडेही नाही आणि बाजारातही नाही. हिंडू नका.”

किती मोकळं वाटलं! दोन दिवसांत शेकडो वस्तू बघितल्या, पण कुणी इतकं उपकारक बोललं नव्हतं. मी आभार मानून वळणार, तेवढ्यात ते म्हणाले, “जुनी गेली कुठं?”

“हरवली.”

“पितळ हरवत नाही, साहेब. घरातच असणार. नवरे मंडळी कशाकशाला लावतात. परवा एक ताई आल्या होत्या, त्यांच्या मिस्टरांनी कुंडीच्या तळाला घातलेली, माती वाहून जाऊ नये म्हणून.”

आणि त्या क्षणी, जांभळी नाक्याच्या त्या गर्दीत, माझ्या डोळ्यांपुढं जून महिना उभा राहिला. आमची गॅलरी. तुंबलेलं पाणी. तुळशीचा पाला अडकून बसलेलं कोपऱ्यातलं भोक. त्या भोकावर बोटभरही फट न ठेवता बसलेली, जणू त्यासाठीच घडवलेली, एक गोल जाळीदार चकती.

“मिळालं का काही?” ही डबा घेऊन बाहेर आली.

“नाही म्हणतात,” मी म्हटलं. मालकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं आणि डब्याचं बिल करायला घेतलं. पुढं काही बोलले नाहीत. असला दारवान कुठल्या जाळ्यात मिळेल?

रात्री सगळे झोपल्यावर मी गॅलरीत गेलो. चार महिन्यांच्या पावसानं चकती हिरवी पडली होती. चिंच लावली, मीठ लावलं, आणि मग आपल्या ठाण्याच्याच पितांबरीला शरण गेलो. पाऊण तास घासली. भोकं टूथपिकनं साफ केली, उकळत्या पाण्यातून दोनदा काढली, पुसली आणि ड्रॉवरमध्ये, सगळ्यात मागं, कात्रीच्या खाली ठेवून दिली. झोप येईना. फोन हातात घेतला. अस्वल होतंच. त्याच्या डोळ्यांत मला प्रथमच काही अर्थ दिसला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, की दोन दिवस आम्ही ज्याला चुकीचा कॅटलॉग म्हणत होतो तो तितकासा चुकीचा नव्हता. मी बटण दाबलं. पत्ता आधीचाच होता, खोपट, ४००६०१. ‘उद्या सकाळी ११ पर्यंत.’

सकाळी ही ड्रॉवरपाशी उभी. हातात चकती, उजेडात धरलेली. “या ड्रॉवरमध्ये मी तीनदा बघितलं होतं,” म्हणाली.

“असतं असं कधी कधी. मागं सरकते वस्तू.”

“आणि किती चकाकतेय.”

“पितळ आहे,” मी म्हटलं आणि पेपर वर केला.

ती काही बोलली नाही. पीठ भिजवलेलंच होतं. ते झाकून ती रांगोळीआधी गॅलरी धुवायला गेली. दोन बादल्या पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही.

माझा फोन टेबलावर वाजला. मी पोचायच्या आत ओल्या हातानं हिनं तो उचलला आणि स्पीकर चालू झाला.

“मॅडम, खोपट एसटी स्टँडवर उभा आहे,” पलीकडून आवाज आला. “तुमचं सॉरी आलंय. कुठं आणू?”

“सरळ वर या, दुसरा मजला,” ही म्हणाली. “पण जरा जपून. गॅलरीत पाणी तुंबलंय.”